डायनामोची पूजा

गुणाने जीप विकायचं ठरवलं आणि त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना. कुंभारवाड्याच्या वाड्यांवरून रामनगरच्या बाजाराला येणारी तेवढी एकच जीप, आणि गुणाला दुसरं काही येत नव्हतं. पण सहा महिन्यांत तीन बॅटऱ्या गेल्या. आज दुपारी बेळगावचा एक जण तिला मोडीत घ्यायला येणार होता.

सकाळी बाजारच्या बायका उतरवल्या आणि जीप मेली ती नेमकी सुनयनाच्या नव्या गॅरेजसमोर. बाईमाणसाला इंजिनातलं काय कळतंय, असं गुणाचं ठाम मत, आणि ते त्याने बाजारभर सांगितलंही होतं. आता गेला मुकाट्याने आत.

सुनयनाने गॅरेजातली बॅटरी जोडून जीप चालू केली आणि मीटर लावलं. "बाराच व्होल्ट दाखवतंय. इंजिन चालू असताना चौदा पायजे. बॅटऱ्या चांगल्या हुत्या काका, डायनामोच त्यास्नी चार्ज करत न्हाई."

डायनामो फिरवणारा पट्टा ताठ होता, वायरी शाबूत होत्या. मग तिने डायनामो उतरवून मागून उघडला. आत फिरत्या तांब्याच्या कड्यांवर टेकणारे दोन कार्बन स्प्रिंगवर सहज सरकायला हवेत. ते लाल, चिकट राडीत रुतून बसले होते.

"काका, हितं कुंकू कसं?"

गुणा ओशाळला. "पयली बॅटरी जुनी हुती, गेली. तर आमची बायकू केशर म्हणाली, वीज करणारा त्योच, नारळ त्याच्यावरच वाढवा. तवापासून दर अमावास्येला कुंकू लावून वाढवतो."

"दुसरी गेल्यावर?"

"दोन वाढवले."

सुनयना पोट धरून हसली. गुणाला आधी स्वतःचा राग आला, मग तोही हसत सुटला.

तिने पेट्रोलने सगळं धुतलं, तांब्याच्या कड्या पॉलिश पेपरने घासल्या, नवे कार्बन घातले. इंजिन चालू केलं. मीटरवर चौदा पॉइंट दोन! हेडलाइट लावले तरी आकडा हलेना. गुणाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

जीपचीच बॅटरी परत जोडून ती चार्ज व्हायला दोन तास इंजिन चालू ठेवलं, तोवर बेळगावकर आला. "बंद करा जरा, बघतो."

गुणाने इंजिन बंद केलं. चार माणसं गोळा होईपर्यंत थांबला आणि चावी फिरवली. जीप पहिल्या फटक्यात उठली.

"बघितलासा? ही ह्या पोरीची करामत, आमच्या सुनयनाची," तो साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडला. "आता सरा बाजूला. माझ्या बायका बाजार करून खोळंबल्यात."