मानेवरचा हात

शेवटच्या साध्या दिवशी बाबा चष्मा घरी विसरले. कामावर जाता जाता तो द्यायला मी त्यांच्या कॉलेजच्या कुस्तीच्या हॉलमध्ये गेले. ओलं रबर, फिनेल, न धुतलेले मोजे. दारातच श्वास रोखायचा आणि आत गेलं की तोंडानं घ्यायचा, हे मी लहानपणीच शिकले होते.

बाबा तिथे दुय्यम प्रशिक्षक. डाव शिकवायला मुख्य प्रशिक्षक होते. आपल्यावर डाव पडू कसा द्यायचा नाही, हे बाबांचं खातं. मुलं त्यांना 'कुलूपसर' म्हणायची. त्या दिवशी खडाखडी चालली होती, म्हणजे पायांवर झडप घालण्याआधीची हातांची झटापट. कोण कोणाचं मनगट धरतो, कोण कोणाच्या मानेवर पंजा टाकतो.

"पंचाकडे काय बघतोस?" बाबा एका पैलवानाला म्हणत होते. "तो काय तुझा मामा लागतो? मान तुझी आहे ना? मग हात काढायचा तूच."

"मामा असता तर बरं झालं असतं, सर," तो मान चोळत म्हणाला, आणि सगळे हसले.

तेवढ्यात मुख्य प्रशिक्षक माझ्या मागून आले. "काय कुलूपसर, किल्ली आली बघा तुमची," म्हणाले, आणि त्यांचा हात माझ्या मानेवर पडला. नेहमीसारखाच. पंजा मानेमागे, अंगठा कानाखाली आणि जरासं जवळ ओढणं. सगळ्यांनाच ते असे भेटतात, असं म्हणायची तिथे पद्धत होती. पण पोरांच्या मानेवर त्यांचा अंगठा हलत नसे. माझ्या कानाखाली तो हलायचा, सावकाश, बाजारात फळ चाचपावं तसा. पंजा ओला होता. त्या ओलाव्यात सकाळपासूनचा कोणाकोणाचा घाम होता कोण जाणे.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं होतं. मग त्यांनी माझ्या हातातला चष्मा घेऊन डोळ्यांवर चढवला आणि शिट्टीच्या दोरीची गाठ सोडवायला लागले. दोरीला गाठ नव्हतीच.

संध्याकाळी मी भांडी विसळत होते, तेव्हा ते स्वयंपाकघरात आले.

"इकडे ये जरा."

"हात ओले आहेत, बाबा."

"असू देत. ओल्यानं जमलं की कोरड्यानं जमतंच." त्यांनी माझा पंजा उचलून स्वतःच्या मानेवर ठेवला. "बघ. मान मागे ओढायची नाही. ओढली की पकड घट्ट होते. उलट एक पाऊल पुढे. डोकं वर. एका हातानं समोरच्याचं मनगट, दुसऱ्या तळव्यानं कोपर, खालून वर." माझा हात कधी निघाला ते मला कळलंही नाही. "आता तू."

"कशासाठी?"

"येत असलेलं बरं."

कशासाठी, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आई दारातून म्हणाली, "अहो, या वयात लेकीला मॅटवर उतरवताय की काय?" बाबा हसले. मी त्यांचा हात काढला. त्यांनी पुन्हा ठेवला, मी पुन्हा काढला.

"शाब्बास," ते म्हणाले.

त्या शाब्बासकीची मला जितकी किळस आली, तितकी त्या अंगठ्याचीही आली नव्हती. ज्याचा हात होता त्याला एक शब्द सुनवायचा सोडून हा माणूस मला कोपर कुठे धरायचं ते शिकवत होता. मी पुन्हा भांड्यांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधायला बाबा खाली वाकले, ते उठलेच नाहीत.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. मॅटवर पांढऱ्या चादरी घातल्या होत्या आणि चादरींखालून तोच वास येत होता. मुख्य प्रशिक्षक फोटोशेजारी उभे राहून बोलले. "सरांनी कधी आवाज चढवला नाही. इतकी वर्षं एकत्र काढली, पण माझ्याशी एक वाकडा शब्द नाही." लोकांनी माना डोलावल्या. शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच ऐकवत नव्हतं.

भाषण संपवून ते पहिल्या रांगेपाशी आले. आईला नमस्कार केला आणि माझ्याकडे वळले. मी उठून उभी राहिले.

"रडून घे, बेटा. आता मीच तुझा बाबा."

पंजा मानेमागे. अंगठा कानाखाली. बाबांचा फोटो दोन हातांवर होता, आणि तरीही तो अंगठा हलला.

मी मान मागे ओढली नाही. एक पाऊल पुढे, डोकं वर, मनगट, कोपर. त्यांचा हात हवेत गेला आणि ते अर्धे फिरले. पैलवानांना काय झालं ते लगेच कळलं. बाकीच्यांना वाटलं, मला चक्कर आली.

त्यांनी स्वतःला सावरलं आणि चक्क हसले. "वा. कुलूपसरांची पोरगी शोभतेस," असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत त्यांनी तोच हात पुन्हा उचलला. खडाखडीत तसंच असतं. एक हात काढला की दुसरा येतो, पंच शिट्टी मारेपर्यंत.

"हात लावू नका," मी म्हणाले. "मला तुमची किळस येते. पहिल्या दिवसापासून येते."

हात खाली गेला. आईनं माझा पदर ओढला नाही, की मला गप्प केलं नाही. मग मी फोटोकडे वळले. चष्मा लावलेलाच फोटो होता.

"आणि तुम्ही बघत होतात, बाबा," मी म्हणाले. "मला डाव नको होता. 'हात काढा', एवढंच तुम्ही म्हणायला हवं होतं."