रेंजचा जिना

आत्याच्या गल्लीत मोबाईलचा टॉवर उभा राहायचा होता, तेव्हा ऑफिसने पाहणीला मलाच पाठवलं. म्हणे, घरचं माणूस असलं की लोक मोकळेपणी बोलतात. ऑफिसला माझी आत्या माहीत नाही. ती मोकळेपणी बोलायला लागली की समोरचा पळवाट शोधतो.

टॉवरमुळे झाडापाखरांना आणि शेजारीपाजाऱ्यांना काय त्रास होईल, हे आधी तपासणं माझं काम. टॉवर जेवढा उंच होणार तेवढ्या उंचीवर मी दोरी बांधून लाल फुगा सोडला, म्हणजे कोणाच्या खिडकीतून तो किती दिसेल ते ज्याचं त्याला कळावं. आत्या कमरेवर हात ठेवून गॅलरीत उभीच होती.

"पाखरं धडकतील त्याला."

"घरटी पाहिली मी. सगळी पलीकडच्या झाडांवर आहेत."

"जनरेटर रात्रभर घरघर करेल."

"तो मागच्या भिंतीपलीकडे हलवायला लावते."

"आणि ते किरण?"

"मोजणार आहोत. मर्यादेबाहेर गेले तर टॉवर बंद."

"मग मला तो फुगाच आवडला नाही," असं म्हणून ती आत गेली.

माझं डोकं तापलं. गल्लीत एकालाही घरातून फोनवर धड बोलता येत नाही, सगळे टॉवरकडे डोळे लावून बसलेत, आणि हिचं घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना!

ते संध्याकाळी कळलं. अख्ख्या गल्लीत रेंज येते ती फक्त आत्याच्या जिन्यावर. अंधार पडायच्या सुमाराला माणसं फोन घेऊन पायऱ्या चढू लागली. शिंपी गिऱ्हाइकाला उद्याचा वायदा देत होता. मास्तर नातवाला पाढे विचारत होते. शेजारची नवी सून आईशी बोलता बोलता डोळे पुसत होती. आणि आत्या चहाची किटली घेऊन मधोमध, प्रत्येकाच्या बोलण्यात नाक खुपसून.

"उद्या कसला देतोस रे? अजून कापड कापलं नाहीस!" हे शिंप्याला. सुनेला म्हणाली, "आईला सांग, पोरगी रडते पण चार घास जास्तच खाते."

सगळे पांगल्यावर कप विसळता विसळता तीच बोलली. "तुझे आतोबा गेल्यावर हे घर खायला उठायचं. मग या लोकांना इथे रेंज सापडली. टॉवर आला की माझ्या पायऱ्या कोण चढणार गं?"

माझा राग कुठच्या कुठे पळाला. अहवालात आवाजाची नोंद होती, सावलीची होती, याची नव्हती.

"लिहू का तसं?" मी विचारलं.

"खबरदार! शिंप्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत. अडीनडीला दवाखान्यात फोन लावायला ती काय माझा जिना चढेल? होऊ दे तुझा टॉवर."

टॉवर सुरू झाला त्या संध्याकाळी मी मुद्दाम तिच्याकडे गेले. घराघरांतून फोनवरच्या गप्पा ऐकू येत होत्या. जिना रिकामा. आत्याने मात्र किटलीभर चहा करून ठेवला होता. "हाताची सवय," ती म्हणाली आणि दाराकडे पाठ करून बसली. तो टॉवर आपल्या हाताने उपटून टाकावा असं मला वाटलं.

तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. नवी सून फोन कानाला लावूनच वर आली.

"काय गं, घरात रेंज नाही?" आत्याने विचारलं.

"आहे की, भरपूर! पण घरात सगळे कान टवकारून बसतात."

"आणि मी काय कानात बोळे घालून बसते?"

"तुमचं वेगळं आहे हो. तुम्ही मध्ये बोलला नाहीत तर आईला चुकल्यासारखं होतं. घ्या, कधीची विचारतेय, त्या कुठे आहेत म्हणून."

आत्याने फोन घेतला आणि कधी न पाहिलेल्या त्या बाईला पहिल्याच वाक्याला दटावलं, "अहो, रोज रोज काय रडवता पोरीला?" खालून शिंपी कोणाला तरी "उद्या नक्की" म्हणत वर येत होता. मी आणखी कप आणायला आत गेले.