चार दिशांची बातमी

शुक्रवारी सकाळी साडेनऊला प्राजक्ता तायडेने अकोल्याच्या जुन्या शहरातून स्कूटी बाहेर काढली, तेव्हा तिच्या हातात साडेसात तास होते. रविवारच्या पुरवणीचं पान पाच वाजता बंद होणार होतं आणि त्या पानावरचा मोठा लेख तिचा होता. लेख लिहूनही झाला होता. अडचण एवढीच, की त्यातली मधली गोष्ट खोटी निघाली होती.

लेख होता देवमन इंगळे सरांवर. बार्शीटाकळी तालुक्यातल्या हिवरडोह नावाच्या खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत सरांनी सत्तावीस वर्षं काढली. रविवारी गाव त्यांचा सत्कार करणार होतं. भाषण प्राजक्तानेच करायचं, असं जुन्या विद्यार्थ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. सरांच्या वर्गातून पेपरात गेलेली ती एकटीच. अकोल्याच्या दैनिकात तिला अकरा वर्षं झाली होती.

गोष्ट अशी, की सर चौथीच्या वर्गाला दरवर्षी पहिल्या दिवशी एक इंग्रजी शब्द शिकवायचे. न्यूज. फळ्यावर चार अक्षरं मोठी काढायची आणि सांगायचं, “एन म्हणजे नॉर्थ, ई म्हणजे ईस्ट, डब्ल्यू वेस्ट, एस साउथ. चारही दिशांनी येते ती बातमी. एका दिशेची असली तर ती बातमी नाही, चुगली.” एवढ्यावर ते थांबले असते तर तेही इतर शेकडो शिक्षकांसारखेच झाले असते. पण सर शब्दाला धरून चालणारे. रोज चार मुलांना गावाच्या चार दिशांना धाडायचे. प्रत्येकाने एक बातमी आणायची आणि परिपाठात, प्रार्थनेनंतर, सगळ्यांसमोर वाचायची. नियम दोनच. डोळ्यांनी पाहिलेलं असावं. आणि आपलं घर ज्या दिशेला, ती दिशा आपल्याला मिळणार नाही.

दुसरा नियम वाटतो तेवढा साधा नव्हता. हिवरडोहच्या पूर्वेला बौद्ध वस्ती, पश्चिमेला पाटलांची गल्ली. प्राजक्ता पूर्वेची, म्हणून तिला एकदा पश्चिम मिळाली. नऊ वर्षांची पोर किसनराव पाटलांच्या ओट्यासमोर उभी राहिली आणि तिने विचारलं, तुमच्याकडं आज काय झालं? त्या ओट्यावर तोवर तिच्या घरचं कुणी बसलं नव्हतं. पाटलांचा नातू त्याच आठवड्यात वही घेऊन तिच्या आजीच्या दारात आला होता. आजीने त्याला आधी कुणाचा रे तू असं विचारलं, मग शेळी व्यायल्याची बातमी दिली, आणि जाताना मूठभर शेंगाही दिल्या. या गोष्टीची गावात कुणी चर्चा केली नाही. मास्तरने सांगितलंय, शाळेचं काम आहे, म्हणून ते चालून गेलं. बघता बघता सत्तावीस वर्षं चाललं.

हे सगळं प्राजक्ताने लेखात लिहिलं होतं. मग सवयीने एकेक गोष्ट तपासायला घेतली आणि पहिल्याच शब्दावर पाय अडकला. मोबाइलवर बरेच जण सांगत होते की हा चार दिशांचा अर्थ बनावट आहे. मोबाइलचं खरं धरायचं नाही म्हणून ती बुधवारी दुसऱ्या कामासाठी अमरावतीला गेली असताना तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात शिरली. इंग्रजीच्या प्राध्यापिका सीमा मॅडमनी तिला अनेक खंडांचा मोठा कोश काढून दिला. नोंद स्पष्ट होती. ‘न्यू’ म्हणजे नवा. त्याचंच अनेकवचन न्यूज. सहाशे वर्षांपूर्वी त्याचा अर्थ नुसता नव्या वस्तू, नवलाई. पुढे नवी हकिकत. छापखाने आले तेव्हा छापील पत्रकांतला मजकूर. दिशांचा कुठे पत्ताच नव्हता.

काल संध्याकाळी तिने हे संपादक श्यामरावांना सांगितलं. श्यामरावांनी चष्मा कपाळावर चढवला.

“दोन रस्ते आहेत. ती गोष्ट काढून टाक, नाहीतर चूक आहे म्हणून लिही.”

“काढली तर लेखात उरतं काय? सर वक्तशीर होते आणि झाडं लावायचे?”

“मग लिही.”

“सत्काराच्या दिवशी?”

“पेपर सत्काराचा नाही, आपला आहे,” श्यामराव म्हणाले आणि चष्मा खाली घेतला. “पाचपर्यंत सांग.”

सकाळी निघण्याआधी तिने बंडूला फोन केला होता. बंडू तिच्या वर्गातला, आता बार्शीटाकळीत फ्लेक्स छापायचं दुकान चालवायचा.

“पागल झाली का बे तू?” बंडू ओरडला. “फ्लेक्स छापून तयार हाये! मधात सरचा फोटो, चार कोपऱ्यात चार अक्षरं. ट्रॉफीवर होकायंत्र हाये. आन् तू म्हणून राहिली का ते खोटं होय?”

“मी नाही म्हणत, कोश म्हणतो.”

“तो कोश येऊन राहिला का रविवारी जेवाले? सर येऊन राहिले. त्यायले हार्ट अटॅक आला तर तुयाच पेपरात छापजो मंग.”

बंडूचं बोलणं तिला रस्ताभर पुरलं.

सर निवृत्तीनंतर हिवरडोहलाच राहिले होते. अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. तिचाच पेपर, पेन हातात. छपाईच्या चुकांना गोल करण्याची त्यांची सवय गेली नव्हती.

“पान तीनवर दोन सापडल्या,” त्यांनी स्वागत केलं. “बस. वच्छला, चहा टाक वो, प्राजक्ता आली.”

चहा येईपर्यंत प्राजक्ताने इकडचं तिकडचं केलं. चहा संपला आणि इकडचं तिकडचंही संपलं.

“सर, तुम्हाला एक विचारायचं होतं. न्यूजचं. ते चार दिशांचं तुम्ही कुठं वाचलं होतं?”

“काहून?”

तिने सांगून टाकलं. सरळ, एका दमात, बातमी सांगतात तसं. सरांनी मध्ये अडवलं नाही. ती थांबली तेव्हा त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

“सोता पायलं?”

“हो सर. अमरावतीला जाऊन. हा पानाचा फोटो.”

त्यांनी मोबाइल दोन्ही हातांत धरला, पान मोठं केलं, ओठ हलवत वाचलं. मग म्हणाले, “हे एक झालं. दुसरं कोण सांगते?”

दुसरं कोण सांगतं, हा प्रश्न या अंगणात तिला अपेक्षित असायला हवा होता. तिने सीमा मॅडमना फोन लावून सरांच्या हातात दिला. सर खुर्चीत ताठ झाले.

“नमस्कार मॅडम. मी देवमन इंगळे, सेवानिवृत्त सहायक शिक्षक. या पोरीनं तुमचं नाव सांगतलं, म्हणून खात्री करून राहिलो.”

पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. सर फक्त ‘अस्सं’, ‘बरं’ म्हणत होते. एकदा त्यांनी “किती वर्षं?” असं विचारलं. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, “चारशे वर्षांआधी तिकडं कोनं गमतीत चार ओळी जुळवल्या होत्या. बातमी चहू दिशांनी येते म्हणून. मजाक होता तो. मॅडमनं सांगतलं.”

“हो सर. तेव्हापासून लोक खरं धरून बसलेत. इंग्रजसुद्धा.”

“इंग्रज नाई शिकवत होते चौथीले.” सर उठले. “मले डी.एड.च्या वर्गात एका पाहुण्यानं सांगतलं. मले आवडलं. पोट्टेयले रोज इचारलं, सोता पायलं का? त्या पाहुण्याले एकडाव नाई इचारलं.”

ते आत गेले. प्राजक्ता तशीच बसून राहिली. वच्छलाकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

सर बाहेर आले ते वह्यांची चळत घेऊन. जाड, लांबट, कडांना पिवळ्या पडलेल्या. बातमी वह्या, दरवर्षीची एक. परिपाठात वाचलेली प्रत्येक बातमी मुलांनी स्वतःच्या हाताने त्यात उतरवायची. प्रत्येक पानाचे आडव्या-उभ्या रेषेने चार चौकोन केलेले.

“हे घेऊन जाय,” ते म्हणाले. “मी रद्दीत नाई देऊ शकत, तू दे. आन् बंडूले सांग, रविवारचं कॅन्सल.”

“सर!”

“सत्तावीस वर्षं खोटं शिकवलं त्याचा हार घालून घेऊ? मंचावर? पोट्टे म्हनतीन, सोता पायलं का?” त्यांचा आवाज चढला नाही. वर्गातही कधी चढायचा नाही; म्हणूनच त्यांच्याशी कुणी वाद घालायचं नाही.

लेख अर्धा राहिला असता, वगळला गेला असता, तरी चाललं असतं. हे चालणार नव्हतं. काहीतरी करायला हवं म्हणून प्राजक्ताने चळतीतून आपल्या वर्षाची वही शोधून उघडली. पानं उलटत गेली. पश्चिमेच्या चौकोनात तिचं जुनं, मोठं, उजवीकडे कलणारं अक्षर सापडलं: ‘किसनराव पाटील यांच्या विहिरीला नवीन मोटर बसली. मी पाहिली. पाटीलकाकींनी मला ओट्यावर बसवले.’ खाली सरांची लाल सही. शेजारी लाल पेनने प्रश्न: मोटर किती पॉवरची? विचारले का?

तिला हसू आलं आणि त्याच वेळी तिची नजर पानाच्या माथ्यावर गेली. तिने पुढचं पान पाहिलं. मग दुसरी वही उघडली, तिसरी. सगळीकडे, प्रत्येक पानाच्या डोक्यावर, सरांच्या वळणदार अक्षरात तेच दोन शब्द होते.

“सर, हे वर काय लिहिलंय?”

“कुठं?”

“प्रत्येक पानावर. तुमचं अक्षर आहे.”

सरांनी चष्मा सारखा केला. “काय नवीन,” त्यांनी वाचलं. “मंग? ते तं इचारायचंच असते. पोट्टा येऊन उभा रायला का पयले तेच. काय नवीन रे?”

ते थांबले. वर्गात उत्तर सुचलेल्या मुलाकडे सर जसे गप्प राहून पाहायचे, तशी प्राजक्ता त्यांच्याकडे पाहत राहिली.

“नव्या वस्तू,” सर हळूच म्हणाले. “कोशात तेच होतं ना? फोटो दाखव पुन्हा.”

तिने दाखवला. त्यांनी पुन्हा ओठ हलवत वाचला, मग वहीचं पान वाचलं, मग पुन्हा फोटो.

“मलेही तेच इचारत जिंदगीभर,” दारातून वच्छलाकाकू बोलल्या. “शाळेतून आले, चप्पल काढली, का काय नवीन? मी म्हणो, भाजी जुनीच हाये, सकाळची.”

सर हसले. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतकं. प्राजक्ताच्या पाठीतला सकाळपासूनचा ताण गेला. तिला एकदम भूक लागल्याचं कळलं.

“दिशेचं चूकच होतं,” सर शेवटी म्हणाले. “ते बदलत नाई. बरोबर होतं ते फळ्यावर नाई लिहिलं, वहीत लिहिलं. मले मालूमच नाई.” ते खुर्चीत बसले आणि पेनाचं टोपण काढलं. “तुमच्या पेपरात चूक झाली तर काय करता?”

“दुरुस्ती छापतो. चौकटीत.”

“किती शब्द?”

“तीसच्या आत.”

“लिही. ‘न्यूज हा शब्द चार दिशांवरून आला, असे मी सत्तावीस वर्षे शिकवले. ते चूक आहे. त्या शब्दाचा अर्थ नव्या गोष्टी. माजी विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी. मुलांना चार दिशांना पाठवणे चालू ठेवावे.’ किती झाले?”

तिने मोजले. “एकोणतीस.”

“मंग खाली सही घाल. दे. इंगळे. आन् सत्काराचं ते कॅन्सल मी म्हणलो, ते नको छापू.”

“बंडूचा फ्लेक्स आहे सर. चार कोपऱ्यांत चार अक्षरं. छापून झालाय.”

“त्याले फोन लाव.”

तिने लावून फोन सरांच्या हातात दिला. बंडूने उचलताच विचारलं, “जिवंत हायेत का सर?”

“हाये,” सर म्हणाले. “फ्लेक्स तसाच ठेव. खाली एक पट्टी चिटकव, दुरुस्ती. मजकूर प्राजक्ता पाठवते. आन् बंडू, शुद्धलेखन तिच्याकडूनच तपासून घेजो. मागच्या फ्लेक्सवर ‘हार्दिक’ चुकलं होतं.”

पलीकडे बंडू सुटल्यासारखा म्हणाला, “हो सर. पट्टी काय, दोन चिटकवतो.”

प्राजक्ता जेवूनच निघाली. भाजी खरंच सकाळची होती. अडीच वाजता फाट्यावर थांबून तिने श्यामरावांना कळवलं, गोष्ट राहील, सोबत एक चौकट येईल.

“दुरुस्ती?” श्यामराव म्हणाले. “पण आपण तर अजून काही छापलंच नाही.”

“आपली नाही. सरांची आहे.”

“त्यांना विचारलं?”

“त्यांनीच सांगितली. एकोणतीस शब्द, सहीसकट एकतीस.”

“तीसच्या आत बसव,” श्यामराव म्हणाले. “नाहीतर असू दे. सही काढू नको.”

पान बंद झालं, तेव्हा पाच वाजायला आणखी वीस मिनिटं शिल्लक होती.