काळा डबा की पांढरा

मोठ्या ताईंनी आयुष्यात धाकट्या बहिणीच्या मागून काही घेतले नव्हते, चष्मासुद्धा नाही. धाकटीला आधी चष्मा लागला, म्हणून ताईंनी पुढे कितीतरी दिवस हात लांब करकरून वर्तमानपत्र वाचले होते.

ती धाकटी लेकीकडे परगावी राहायला गेली आणि दुपारचा पत्त्यांचा डाव मोडला. धाकटी पत्ते मांडीखाली लपवायची, ताई तिला रंगेहाथ पकडायच्या, मग यथासांग भांडण व्हायचे. मुलाने खेळायला दुसरी माणसे आणून पाहिली. ती सगळी प्रामाणिक निघाली. ताईंचा जीव नुसता आंबून गेला.

अशात बातमी आली की धाकटी हल्ली घरबसल्या इंटरनेटवर मोटारींच्या शर्यती खेळते. दुसऱ्याच दिवशी ताई मुलाला आणि सुनेला घेऊन दुकानात हजर झाल्या.

टेबलावर टीव्हीला जोडून खेळायचे दोन गेम कन्सोल होते, एक काळा, एक पांढरा.

"आजी, काळ्याचं चित्र बघा, कसलं लख्ख आहे," विक्रेता म्हणाला.

"आजी तुझ्या घरी. मला बाई म्हण."

मुलगा काळ्यावर लट्टू झाला होता. "केवढं ते धूड! टीव्ही अंगणात ठेवायचा का?" असे म्हणून सूनबाई पांढऱ्याच्या बाजूने उभी राहिली.

"ते राहू द्या," ताई म्हणाल्या. "शर्यतीत माझ्यासमोर कोण येणार?"

"जगातलं कुणीही, बाई. फक्त या खेळात काळेवाले काळेवाल्यांशी, पांढरेवाले पांढरेवाल्यांशी. एकमेकांत जमत नाही."

ताईंनी तिथूनच फोन लावला.

"तुझा कोणता गं?"

"पांढरा. का? माझ्यामागोमाग घेतेस वाटतं, ताई?"

"मी? मी काळा घेतेय. तू तुझा बदलून टाक."

"बदलतेय तर! घे काळा, नि खेळ परक्यांशी. फार सभ्य असतात म्हणे."

हा टोला वर्मी बसला. फोन ठेवून ताईंनी काळ्या डब्यावरून बोट फिरवले. बोटाला कण लागला नाही.

"शी! किती ही धूळ," त्या गरजल्या. "पांढरा बांध."

"आई, धूळ कुठे—" मुलाने तोंड उघडले आणि सूनबाईच्या कोपराने ते बंद केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शर्यत सुरू झाली. कानाला माईकवाला हेडफोन लावून ताई बसल्या. पहिल्याच वळणावर धाकटीने त्यांची गाडी खड्ड्यात ढकलली. ताईंनी ती बाहेर काढली, पुढचा गट गाठून धाकटीच्या गाडीपुढे आडवी घातली आणि रस्त्यातच तिची झाडाझडती सुरू केली. तिथून गोष्ट जावयाच्या घोरण्यावर गेली, मग गुडघ्यांवर. बाकीच्या गाड्या भोंगे वाजवत निघून गेल्या.

"आई, शर्यत चाललीय!" मुलगा ओरडला.

"गप्प बस. आम्ही बोलतोय."

"हो ना, ताई," धाकटी गोड आवाजात म्हणाली, "तर तुझ्या गुडघ्याचं काय म्हणत होतीस?"

ताई गुडघ्याचे सविस्तर सांगू लागल्या, आणि धाकटीची गाडी हळूच बाजूने सटकून अंतिम रेषेपार गेली. ताई शेवटच्या आल्या.

"लबाड! अगं लबाड!" ताईंचा आवाज शेजारच्या घरापर्यंत पोहोचला. तोंड भरून हसत त्यांनी सुनेकडे पाहिले. "पाहिलंस? जराही सुधारली नाही. चल, पुन्हा लाव."