नौकेच्या टोकावरचे डोळे

डोळ्यांवाचून मानवी जीवन व्यर्थ आहे, यावर जगातल्या थोर माणसांचं एकमत आहे. लुकांग गावाला हे वर्षातून एकदाच पटतं, ड्रॅगन नौकांच्या शर्यतीच्या दिवशी, आणि तेही नौकेच्या टोकावर पालथं पडून पाण्यातला झेंडा उपटणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुरतं.

माझू या समुद्रदेवीच्या मंदिराच्या नौकेवर तो माणूस बो-रुई. वय बावीस, मधुमेह तेराव्या वर्षापासून. उपांत्य फेरीत झेंडा त्याच्या बोटांतून निसटता निसटता राहिला. नौका कशीबशी जिंकली आणि मंडळींना त्याची साखर आठवली.

“डोळ्यात उतरली असणार,” वल्हं मारणारा जिकाय हळहळत म्हणाला. टोकावरच्या जागेवर त्याचा कधीपासून डोळा होता.

कप्तान अ-शुन काकांनी निवाडा केला. “कालव्याकाठी इस्पितळाची गाडी लागलीय. तपासून ये. ठीक म्हणाले तर अंतिम फेरीला तू, नाहीतर जिकाय.”

“तपासून घेणाऱ्याला सोया सॉसची बाटली देतायत,” ढोलवाला म्हणाला. “माझ्यासाठीही एक माग.”

गाडीतल्या नर्सबाईंनी आधी तक्ता वाचायला लावला. बो-रुईने शेवटची ओळ वाचली आणि अजून आहे का, असं विचारलं. मग प्रश्न सुरू झाले.

“रक्तदाब?”

“आहे.”

“गोळी?”

“सणासुदीला घेत नाही.”

“तीन महिन्यांची सरासरी साखर?”

“तपासणीआधी मी तीन दिवस उपाशी राहतो, ताई. तरी जास्तच येते.”

“उरलेल्या दिवसांचं काय?”

“त्या दिवशी तपासणी नसते.”

“दुकानातला गोड चहा?”

“पाव साखरेचाच घेतो.”

“दिवसाला किती पेले?”

“चार.” चारही पेले पाव साखरेचे म्हणजे एकूण साखर पावच, हा लुकांगचा हिशेब त्यांनाही पाठ असणार. त्यांनी ड्रॉपरची बाटली हलवली.

“थेंब टाकून डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या कराव्या लागतील. मग काही तास जवळचं धूसर दिसेल, ऊनही सोसणार नाही. आज गाडी चालवायची नाही ना?”

“नाही,” बो-रुई खरं तेच बोलला. नौकेच्या टोकावर पालथं पडायचं आहे का, असं कुणी विचारलं नव्हतं.

मशीनने काढलेले डोळ्यांचे फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, “नजर उत्तम आहे. पण डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके आहेत. नऊ वर्षांचा मधुमेह, त्यात रक्तदाब, त्यात चढी साखर. या वयात एवढं पुरतं.”

“पण मला सगळं दिसतंय.”

“आत्ता दिसणारच. दिसेनासं झाल्यावर आलात, तर माझ्या हातात फारसं उरणार नाही. बुधवारी या.”

बाहेर उन्हाने त्याच्या तोंडात भडकावली.

“काय म्हणाले?” काकांनी विचारलं.

“नजर उत्तम.”

जिकायने निमूटपणे वल्हं उचललं.

अंतिम फेरीचा ढोल कडाडला. मासळी बाजारवाल्यांची नौका अर्ध्या हाताने पुढे, मग बरोबरीत, मग मागे. काठावर अख्खं गाव छत्र्या नाचवत होतं. बो-रुईच्या पोटाखाली लाकूड धडधडत होतं, नाकातोंडात पाणी जात होतं आणि समोर सगळा कालवा पांढराशुभ्र पेटला होता. दुरून झेंडा काडीसारखा स्पष्ट दिसला. हाताच्या अंतरावर आला आणि उन्हात विरघळून गेला. मागून काका बेंबीच्या देठापासून ओरडले, “आत्ता, पोरा!” बो-रुईने डोळे गच्च मिटले आणि हात टाकला.

मुठीत झेंड्याचा बांबू आला.

मग त्याला खांद्यावर घेतलं, पाण्यात टाकलं, पुन्हा बाहेर काढलं. जिकायनेही मिठी मारली. काका रडत रडत सगळ्यांना सांगत सुटले, “बहिरी ससाण्याचे डोळे आहेत, ससाण्याचे!”

आनंदाच्या भरात बो-रुईच्या तोंडून निघून गेलं, “काका, डोळ्यात रक्ताचे ठिपके आहेत.”

काकांनी त्याची पापणी वर करून बघितली. “कुठायत? मला नाही दिसत.”

“बाहेरून दिसत नाहीत.”

“मग तुला दिसतात?”

“नाही.”

“मग दिसतात कुणाला?”

“मशीनला.”

“मशीनने कधी झेंडा पकडलाय का?”



तरी बुधवारी बो-रुई इस्पितळात गेला. काकाही गेले, डॉक्टरांना दाखवायला करंडक घेऊन. फोटो पुन्हा काढले. ठिपके तेवढेच होते.