रिकाम्या फ्रिजची परीक्षा

फ्रिजमध्ये त्या सकाळी पाण्याचे दोन पितळी घडे होते, फाटलेल्या दुधाचं एक पातेलं, आंबूस वास सुटलेल्या श्रीखंडाची वाटी, पाच मोसंबी आणि बर्फाचे दोन ट्रे. प्रत्येक ट्रेला चौदा खण. अठ्ठावीस खणांपैकी एकातही बर्फ नव्हता; सगळ्यांत पाणी, आणि तेही कोमट. मंजूने ते मोजलं आणि पुन्हा एकदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजायची काही गरज नव्हती, पण तिला बरं वाटत होतं.

फ्रिज तिचा नव्हता. मोठ्या जावेचा, पतासीचा होता. १९७३ च्या चैत्रात पतासीच्या वडिलांनी तो धुळ्याहून ट्रकमध्ये उभा बांधून पाठवला, तेव्हा जळगावच्या त्या गल्लीत तसलं यंत्र दुसरं नव्हतं. दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं गेलं, आणि दाराला होतं कुलूप. किल्ली पतासीच्या कमरेच्या जुडग्यात गेली.

त्याआधी दीड वर्ष या घरात कौतुक होतं ते मंजूचं. मारवाडी जैनांच्या त्या गल्लीतली पहिली बी.एस्सी. झालेली सून. कुणाकडे तार आली, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं झालं, की बायका मंजूला शोधत यायच्या. सासूबाई, सुगनबाई, पाहुण्यांपुढे तिला मुद्दाम काहीतरी वाचायला सांगायच्या. फ्रिज आला आणि बायका आता वाट्या घेऊन पतासीला शोधू लागल्या. समोरच्या द्रौपदाबाई तर पाहुणे आले की अंगणातूनच अहिराणीत ओरडायच्या, "पतासीभाभी, बरफ शे का वं? पाव्हना उनात!" पतासी सावकाश उठायची, जुडगं खुळखुळवत किल्ली निवडायची. एवढ्या वेळात मंजूच्या हातची पोळी हमखास करपायची.

सुगनबाई बर्फाला शिवत नसत. त्यांचं व्रत पक्क्या पाण्याचं: गाळून, उकळून निववलेलं पाणी, आणि तेही सूर्य मावळायच्या आत. ते तोवर परातींमध्ये ओतून निववत, पण मे महिन्यात जळगावात ते काही निवत नसे. पतासीने युक्ती काढली. चुलीवरून उतरवलेला घडा ती तसाच फ्रिजमध्ये ठेवू लागली. पहिल्या दुपारी गार पाणी पिऊन सुगनबाई मोठ्या सुनेकडे बघत म्हणाल्या, "या बिनणीनं माझा उन्हाळा सोपा केला." त्या दिवशी मंजूला जेवण गेलं नाही.

वाफाळता घडा त्या कपाटात ठेवू नये, हे तिला तेव्हाच कळलं होतं. आतली उष्णता बाहेर काढता काढता यंत्राचा जीव जाणार. पण ती बोलली नाही. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं तिने स्वतःला बजावलं. विचारलं कुणीच नाही.

मे संपत आला आणि फ्रिज गार होईनासा झाला. पतासीने माहेरी निरोप धाडला, आणि ज्यांनी फ्रिज विकला होता ते अमृतलाल आज धुळ्याहून पहिल्या एस.टी.ने आले होते. त्यांनी दार उघडलं, घड्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"भाभी, हे कपाट आहे की चूल?"

"बाईंचं पक्कं पाणी आहे ते," पतासी म्हणाली.

"मग मशीन काय करणार? मशीन चोख आहे. वापरायची रीत चुकली."

"गॅरंटी वर्षाची आहे, अमृतलालभाऊ. अजून दोन महिनेही झाले नाहीत."

"गॅरंटी मशीनची. तुमच्या घड्यांची नाही."

सुगनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "म्हणजे माझ्या पाण्यापायी झालं म्हणायचं," त्या हळूच म्हणाल्या.

"विकताना सांगितलं होतं का, गरम ठेवू नका म्हणून?" पतासीचा आवाज चढला.

"पुस्तकात छापलंय की."

"पुस्तक इंग्रजीत. मी चौथी धुळ्यात शिकले, विलायतेत नाही!"

अमृतलाल हसले आणि मंजूकडे वळले. "घरात बी.एस्सी. आहेत ना? यांनी नाही वाचून दाखवलं?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. "पुस्तक मला कुणी दिलं नाही," मंजू म्हणाली. ते खरं होतं. मग कुणी पुढचं विचारायच्या आत ती म्हणाली, "यात वाद कशाला? फ्रिज रिकामा करा, पुसा. आत साधं पाणी ठेवू, बंद करू, आणि संध्याकाळी मोजू. माझ्याकडे थर्मामीटर आहे."

ती हे पतासीसाठी करत नव्हती. रिकामा फ्रिज गार होणार याची तिला खात्री होती, आणि जावेचा मूर्खपणा अंशांत मोजून सगळ्यांपुढे यावा असं तिला वाटत होतं.

अमृतलाल खूश झाले. "दहा अंशांच्या खाली आलं तर मशीन चांगलं, मी चाललो. वर राहिलं तर हा उचलतो आणि नवा पाठवतो. बाईंसमोर शब्द देतो."

"शब्द कसला देता?" पतासी म्हणाली. "खराब माल बदलून घेणं आमचा हक्क आहे. मेहेरबानी नको."

मंजूने ट्रंकेतून कापसात गुंडाळलेला, कॉलेजच्या प्रयोगांचा थर्मामीटर काढला. मधल्या फळीवर पाण्याचा पेला ठेवून तो त्यात सोडला. दाराला कुलूप लावल्यावर पतासीने जुडग्यातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "तू ठेव. नाहीतर म्हणतील, मी मधेच उघडला."

किल्ली एवढी हलकी असेल असं मंजूला वाटलं नव्हतं.

जेवणं झाली. अमृतलाल बाहेरच्या खोलीत घोरू लागले. दोघी जावा स्वयंपाकघरात मूग निवडत बसल्या. फ्रिजची घरघर अखंड चालू होती, आणि दिवा लावून ठेवला होता तो एकदाही मंदावला नाही. म्हणजे विजेचंही निमित्त उरत नव्हतं.

"काय वाटतं तुला?" पतासीने विचारलं.

"गार होईल."

"तुला तसंच हवंय."

मंजू मुगातला खडा शोधत राहिली.

"मी घडा ठेवायची तेव्हा तू दारात उभी राहून बघायचीस," पतासी म्हणाली. "मला वाटायचं, जळतेय. फार छान वाटायचं मला." ती हसली. "तू आलीस तेव्हा मीही तशीच बघायचे. बाई पाहुण्यांना माझ्या हातचा चहा पाजायच्या आणि गुण तुझे गायच्या. मग मी वडिलांपाशी रडले. तुझ्या वडिलांनी तुला बी.एस्सी. दिलं, माझ्या वडिलांनी मला हे कपाट."

यावर काहीतरी बरं बोलायला हवं, हे मंजूला समजत होतं. पण मनात आलं ते वेगळंच. नवा फ्रिज आला तर पुन्हा वाट्या येतील, पुन्हा तेच जुडगं खुळखुळेल, आणि सुगनबाई पुन्हा गार पाणी पिऊन पतासीचंच नाव घेतील. तिने मुठीतली किल्ली घट्ट आवळली.

ऊन उतरलं तसे सगळे फ्रिजपुढे जमले. मंजूने कुलूप काढलं. सुगनबाईंनी पेल्याला बोट लावलं.

"गार आहे की!"

"बघा!" अमृतलाल म्हणाले.

"बाई, अशा उन्हात हाताला काहीही गार लागतं," मंजू म्हणाली.

अमृतलालांनी वाकून, डोळे बारीक करून पाहिलं आणि मान हलवली. "मला ती पाऱ्याची रेघ दिसत नाही. तुम्हीच सांगा, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही."

सुगनबाईंना आकडे वाचता येत नव्हते. पतासी थर्मामीटरकडे पाहत नव्हती. ती मंजूच्या तोंडाकडे पाहत होती. नऊ म्हटलं असतं तर तिथे कुणी हरकत घेतली नसती. अमृतलाल शेवटच्या एस.टी.ने गेले असते, आणि फ्रिज कोपऱ्यात कपाट म्हणून उभा राहिला असता. नऊ हा शब्द मंजूच्या जिभेवर आलाही होता.

थर्मामीटर पाण्यातून न काढता तिने तो उजेडाकडे फिरवला, गुडघे टेकले आणि पाऱ्याचं टोक डोळ्याच्या रेषेत आणलं.

"साडेअठरा," ती म्हणाली.