हरिहरची न भागणारी संख्या

आखाती युद्धात रियाधवर क्षेपणास्त्रं पडू लागली, तेव्हा अल मलाझ वस्तीतल्या घराघरांत दोनच विषय होते: खिडक्यांना चिकटपट्टी कशी लावायची आणि लांबच्या, सुरक्षित जेद्दाला कधी निघायचं. हरिहरच्या घरात दुसरा विषय निघाला की तो म्हणे, "पुण्याचा इंजिनियर पळाला, असं ऑफिसात बोलतील."

शेजारचा नूरुद्दीन शुक्रवारी कुटुंबाला घेऊन व्हॅनने निघणार होता. तीन जागा त्याने हरिहरकडच्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. "गेलो तर तिघंही," एवढंच हरिहरची बायको शीला म्हणाली होती.

गुरुवारी संध्याकाळी भोंगा वाजला. विषारी वायूच्या भीतीने दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबून, गॅस मास्क चढवून तिघं बंद खोलीत बसली. लेक नूपुर रडवेली झाली. पोर घाबरलं की त्याला गणित घालायचं, हा हरिहरचा जुना उपाय.

"अविभाज्य संख्या म्हणजे काय, सांग."

"जिला वन आणि ती स्वतः, दोघंच डिव्हाइड करतात. बाबा, जेद्दाला जाऊ या ना."

"ऐक तर. दोन वेळा दोन घेऊन गुणायचे आणि एक वजा करायचा. तीन. तीन वेळा घेतले तर सात, पाच वेळा एकतीस, सात वेळा एकशे सत्तावीस. सगळ्या अविभाज्य. वेळा अविभाज्य, तर उत्तरही अविभाज्य. आता तेवीस वेळा घेऊ."

दुप्पट करत करत नूपुर ८३,८८,६०७ला पोचली.

"हिला नि:शेष भागून दाखव. उद्या व्हॅनमध्ये बसू."

शीलाने तोंडावरचा मास्क वर केला. "शब्द?"

"शब्द."

हरिहर निर्धास्त होता. रोज दिवेलागणीला तोच नूपुरकडून पाढे म्हणून घेई, आणि ते तिसापर्यंतच होते. तीन, सात, अकरा करत ती एकोणतीसला आली. दर वेळी काहीतरी उरलंच.

"पाढे संपले," ती म्हणाली.

"तुझे संपले," शीला म्हणाली. "सरक. आपण बेरजा करून बनवू."

एकतीस झाले, सदतीस झाले, एक्केचाळीस, त्रेचाळीस झाले. हरिहर मास्कच्या आत इतका हसत होता की त्याच्या काचा धुरकटल्या. मग नूपुरने एक भागाकार पुन्हा केला.

"बाबा, सत्तेचाळीसने रिमेंडर झीरो आला."

"चुकलं असेल." मास्क काढून त्याने स्वतः केला. एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार चारशे एक्क्याऐंशी. बाकी शून्य.

धोका टळल्याचा भोंगा झाला तरी तो जागचा हलला नाही. सातानंतर आपण अकरा गाळले, हे आता त्याच्या ध्यानात आलं. त्याने ते करून पाहिलं: दोन हजार सत्तेचाळीस. तेवीस गुणिले एकोणनव्वद.

"चार वेळा तर बरोबर आलं होतं ना, बाबा," नूपुर समजुतीने म्हणाली.

शीलाने कपाटावरची बॅग खाली ओढली. हरिहरने रजेसाठी फोन उचलला आणि तसाच धरून राहिला.

"साहेबांना कारण काय सांगू?"

"खरं ते सांगा," शीला म्हणाली. "सत्तेचाळीसने भाग गेला."